डाव्या खांद्यावरून

चष्मा मोडला की आमच्या गावातली माणसं जरा सवड काढूनच चष्मेकाकांकडे जातात. काम दहा मिनिटांचं असतं, पण काकांच्या प्रश्नांना तासभर लागतो. चष्मा पडला तो कुठल्या बाजूवर? त्याआधी कपाळ दुखत होतं का? वाचताना तुमची मान तिरकी होते, ती लहानपणापासून की आत्ताच? एका आजोबांनी वैतागून विचारलं होतं, की तुम्ही चष्मा करताय की माझं चरित्र लिहिताय. काका म्हणाले, "दोन्ही एकदमच होतं हो."

दुकान इतकं अरुंद, की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावलाय आणि तो समोरच्या आरशातून वाचावा लागतो. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मागे पडद्याआड काच घासायचं यंत्र. दुकान उघडतं साडेनऊला, कारण सहा ते साडेआठ काका मैदानावर असतात. गेली एकवीस वर्षं ते आमच्या गावच्या क्लबमधल्या लहान मुलामुलींना फुटबॉल शिकवतात.

ते स्वतः पंधराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या अकादमीत निवडले गेले होते. गावातून पहिलेच. निरोप द्यायला निम्मा बाजार बसथांब्यावर आला होता. चौथ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या मुलांना तक्त्यासमोर उभं केलं. काकांना वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. चष्मा लावून फुटबॉल खेळता येत नाही, असा तेव्हाचा नियम होता. पाचव्या दिवशी ते परत आले, आणि बसथांब्यावर कुणीच नव्हतं. तोवर त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, की आपल्याला लांबचं दिसत नाही. ते आपल्या गड्यांना धावण्याच्या ढबीवरून ओळखायचे आणि चेंडू कुठे पडणार हे लाथेच्या आवाजावरून ताडायचे. घरी आल्यावर वडिलांनी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मा लावून ते बाहेर आले, रस्त्यापलीकडचं झाड पाहिलं, आणि पुन्हा आत गेले. हे कसं होतं, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं. उत्तर लांबत गेलं. पुढची नऊ वर्षं त्यांनी त्याच दुकानात काच घासली आणि शेवटी दुकान त्यांच्याकडेच आलं.

अकादमीचं नाव काढलं की काकांचं तोंड कडू होत असेल, असा लोकांचा समज. तसं काही नव्हतं. तिथे गेलो नसतो तर जन्मभर अंदाजानेच जगलो असतो, असं ते म्हणायचे. क्लबमधली मुलं पुढे मोठ्या अकादमीत निघाली की क्लबचे अध्यक्ष चिडायचे. आपण रोप लावायचं आणि आंबे दुसऱ्याने खायचे, अशी त्यांची तक्रार असायची. काका मात्र जाणाऱ्या प्रत्येकाला एकच काम सांगायचे: तिथे काय वेगळं दिसतं ते मला कळव. काहीजण कळवायचे. बरेचसे विसरायचे.

काकांच्या डोक्यात एक किडा बरीच वर्षं वळवळत होता. चांगल्या खेळाडूच्या पायात चेंडू येतो तेव्हा पुढे काय करायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं. ते कसं? काकांनी चेंडू बघायचं सोडलं आणि नुसती डोकी बघायला सुरुवात केली. चेंडू पायात येण्याआधीच्या दहा सेकंदांत मूल किती वेळा खांद्यावरून मागे बघतं, हे ते मोजू लागले. मोजायला त्यांनी हातात एक आकडे पुढे सरकवणारं यंत्र धरलं, दाराशी माणसं मोजायला असतं तसलं. बहुतेक मुलं एकदा किंवा दोनदा बघत. काही तर एकदाही नाही. आया मैदानाच्या कडेला बसून चुकचुकायच्या, की पोरं पळतायत तिकडे आणि काका टिकटिक करतायत.

मग घुबड आली.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. ती अकरा वर्षांची असताना क्लबमध्ये आली. काटकुळी, केस आखूड कापलेले, आणि मान सारखी इकडून तिकडे. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. सकाळच्या पाळीला जाताना ती मुलीला मैदानाच्या फाटकाशी सोडायची. वडील जहाजावर असत आणि वर्षातून दोन महिने घरी येत. घुबडला त्या नावाचा राग नव्हता. घुबडाची मान किती वळते हे तिने पुस्तकात शोधलं होतं, आणि आपली तेवढी वळत नाही याचंच तिला जरा वाईट वाटलं होतं.

काकांनी तिची मोजणी केली तेव्हा आकडा सात आला. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. आठ आला. ही मुलगी मधल्या फळीत, ऐन गर्दीत उभी राहायची, आणि चेंडू तिच्याकडे येईपर्यंत तिला मागचं, पुढचं, सगळं पाठ झालेलं असायचं. फार वेगवान नव्हती. लाथेत जोरही बेताचाच होता. पण तिने दिलेला पास कधी चुकीच्या माणसाकडे जायचा नाही. तीन वर्षांत आमच्या क्लबचा मुलींचा संघ आसपासच्या सगळ्या गावांना जड जाऊ लागला.

ती चौदाची झाली तेव्हा एका स्पर्धेत अकादमीची माणसं आली होती. ही काकांची जुनी अकादमी नव्हती, तिच्याहून मोठी, अलीकडची. त्यांनी आमच्या दोन मुलींना आठवडाभराच्या निवड चाचणीला बोलावलं: एक घुबड, आणि दुसरी आघाडीला खेळणारी, लांब पायांची मुलगी. तिला सगळे टांगी म्हणायचे. टांगीच्या घरी त्याच दिवशी बॅग भरायला काढली. घुबडच्या घरीही आनंदच होता. अडकले होते ते काका.

त्याचं कारण असं, की मोजताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. सातातल्या पाच वेळा ती डाव्या खांद्यावरून बघायची. आधी त्यांना वाटलं, जागेमुळे असेल. त्यांनी तिला मधल्या फळीतच जरा उजवीकडे उभं केलं, मग डावीकडे. दोन्हीकडे आकडा तोच. पाच डावीकडे, दोन उजवीकडे. हे काय गौडबंगाल आहे, म्हणून काकांना झोप लागेना.

चाचणीला आठ दिवस उरले असताना घुबडची आई सुईत दोरा ओवायचा चष्मा बदलायला दुकानात आली. सोबत लेक होती. आईचं काम झाल्यावर काकांनी मुलीला खुर्चीत बसवलं आणि सहज म्हणून डावा डोळा झाकायला सांगितलं. तिने आरशातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत, उलटसुद्धा वाचून दाखवला. मग काका म्हणाले, "आता उजवा झाक."

तिने उजवा डोळा झाकला आणि गप्प बसली.

"वाच की."

"उजवा झाकल्यावर कसं वाचणार?" ती म्हणाली. "दुसरा डोळा तर नुसताच असतो ना?"

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. मुलीला मात्र काही कळेना, की हे दोघं आपल्याकडे असे का बघतायत. चौदा वर्षं ती असंच धरून चालली होती, की प्रत्येकाला एक बघायचा डोळा असतो आणि एक जोडीला. जशी एका हाताने माणसं लिहितात आणि दुसऱ्याने नाही.

काका चष्मेवाले, डॉक्टर नव्हेत. त्यांनी दोघींना दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, की डाव्या डोळ्याची मेंदूकडे जाणारी नस जन्मापासूनच बारीक राहिली आहे. डोळा वरून अगदी धडधाकट दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, तेवढंच. चष्म्याने सुधारणार नाही, पण बिघडणारही नाही. उजवा मात्र डोळ्यांत तेल घालून जपायचा, असं ते म्हणाले आणि आपल्याच वाक्यावर जरासे हसले.

मग गावात चर्चा. अध्यक्षांचं म्हणणं पडलं, की बरंच झालं, आता ती इथेच राहील. टांगीच्या वडिलांनी सल्ला दिला, की तक्ता पाठ करून जा, कुणाला कळतंय. आईने काकांना विचारलं, की दादा, आधी सांगितलं तरी घरी पाठवणार आणि मागाहून कळलं तरी घरी पाठवणार, तर मग जायचंच कशाला. पंचेचाळीस मुलं एका रांगेत उभी आहेत आणि आपण दोन ओळी वाचून थांबलोय, हे त्यांना त्या आठवड्यात रोज आठवत होतं. आपण तिला खुर्चीत बसवलंच नसतं तर बरं झालं असतं का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हे त्यांनी मला नंतर स्वतःच सांगितलं, माझ्या फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता.

निर्णय मुलीनेच घेतला. तिला जायचं होतं, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं होतं. ते काय म्हणतात हे मला बघायचंय, एवढंच तिचं म्हणणं. आईने कारखान्यातून रजा काढली आणि काकांनाही सोबत चला म्हणून गळ घातली. काकांनी दुकानाला कुलूप लावलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी न फुटणाऱ्या काचेचा, मागे पट्टा असलेला खेळाचा चष्मा तिच्या मापाने बनवला.

अकादमीत काकांचं म्हणजे जत्रेत आल्यासारखं झालं. लांबच लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना चार-चार खाटांच्या खोल्या, प्रत्येक खाटेला कपाट आणि कपाटाखाली बूट ठेवायची जाळी. एका खोलीत नुसत्या खुर्च्या आणि मोठा पडदा, कालचा खेळ आज बघायला. काकांनी गवत कापणाऱ्या माणसाला गाठून गवत किती उंच ठेवता, ओलं असताना कापता का, असं भंडावून सोडलं. तो माणूस इतका खूश झाला, की त्याने आपलं यंत्रच काकांच्या हाती दिलं.

पहिल्या दिवशी सकाळी घुबड आई आणि काकांसोबत तपासणीच्या खोलीत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. तपासून बघा, आणि मग खेळू द्यायचं का ते सांगा." डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बॅटरी घेतली, डोळा पाहिला, दवाखान्याचा कागद वाचला. एका डोळ्यावर खेळायला हरकत नाही, चष्मा मात्र कायम लावायचा, असं त्या म्हणाल्या. काकांनी आणलेला चष्मा त्यांनी हातात घेऊन वाकवून बघितला आणि कुठून घेतला म्हणून विचारलं.

काकांनी जरा थांबून विचारलं, की चष्म्याबद्दलचा जुना नियम कधी बदलला. डॉक्टरांना माहीत नव्हतं. असा काही नियम होता हेच त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. काका बाहेर येऊन मार्गिकेतल्या बाकावर बसले. घुबडची आई शेजारी येऊन बसली.

तिथल्या प्रशिक्षक बाई हुशार होत्या. त्यांनी मुलीचा डोळा समजून घेतला आणि तिला मैदानाच्या डाव्या कडेला उभं केलं. डाव्या कडेला डावीकडे असतं काय? पांढरी रेघ. सगळं मैदान, सगळे गडी, सगळं उजव्या डोळ्यापुढे. काकांनी कपाळावर हात मारला. तीन वर्षं डोकी मोजली आणि इतकी साधी गोष्ट सुचली नाही. चाचणीतल्या सामन्यात घुबडने दिलेल्या दोन पासवर दोन गोल झाले, त्यातला एक टांगीने मारला. शेवटच्या दिवशी दोघींचीही निवड जाहीर झाली. आईने लेकीला कवटाळलं.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती. आई पुढच्या सीटवर झोपलेली. मुलीने काकांना विचारलं, की मी आज मागे किती वेळा बघितलं. काकांना ते सांगायचं नव्हतं. अकादमीत जायचं की नाही, याचा तराजू आपल्या शब्दाने एकीकडे झुकायला नको, असं त्यांना वाटत होतं. पण तिने पुन्हा विचारलं, तेव्हा खोटं बोलता येईना. पूर्ण सामन्यात मिळून अकरा. गावात एवढ्या वेळात शंभराच्या पुढे जायचे.

"तरीच," ती म्हणाली.

"तरीच काय?"

"सगळं समोर होतं. शोधायला काही नव्हतंच. मी चांगली खेळले ना काका? पण मला मध्येच कंटाळा आला."

काका म्हणाले, की प्रशिक्षक बाईंना सरळ विचारून बघ, मधल्या फळीत खेळवाल का.

तिने घरी आल्यावर फोन केला. प्रशिक्षक बाई प्रामाणिक होत्या. निदान दोन वर्षं तरी नाही, म्हणाल्या. इथे मध्ये खेळणाऱ्या सहा मुली आधीच आहेत, आणि एका डोळ्याच्या मुलीला ऐन गर्दीत उभं करायची जोखीम मी इतक्यात घेणार नाही. घुबडने आभार मानले, आणि यायला नाही म्हणून सांगितलं.

घरात वादळ झालं. आईचं म्हणणंही काही चूक नव्हतं. तिथे डॉक्टर होते, शाळा होती, पोटभर खाणं होतं. मैदानात कुठे का उभी करेनात, उभी तर करतायत, असं ती म्हणत राहिली. वडिलांचा जहाजावरून फोन आला, तेही आईच्याच बाजूने. महिनाभर मायलेकी कामापुरतंच बोलत होत्या. बाजारात तर सरळ बोललं जाऊ लागलं, की चष्मेवाल्याने आपला जुना सूड त्या पोरीकडून उगवून घेतला. काकांच्या ते फार मनाला लागलं. मुख्य म्हणजे मुलीचं बरोबर होतं की चूक, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. ते तिला एकदा म्हणालेही, की अजून वेळ गेलेली नाही, मी बाईंशी बोलतो. ती म्हणाली, "तुम्ही नका बोलू. माझं मी ठरवलंय." तेव्हापासून काकांनी त्या विषयाला हात लावला नाही.

टांगी गेली. तिची पत्रं येत, काकांच्या प्रश्नांची उत्तरं अगदी शिस्तीत लिहिलेली. पहिले सहा महिने ती रोज रडत होती, मग बंद झालं. वर्षभरात तिचा वेग असा वाढला, की सुट्टीत गावी आली तेव्हा आमची मुलं तिच्यामागे धावून धावून मैदानात आडवी झाली.

घुबड गावच्या मैदानावर, खड्ड्यांतून आणि धुळीतून, मध्येच खेळत राहिली. एकदा डावीकडून आलेल्या मुलीशी तिची इतक्या जोरात टक्कर झाली, की खांदा निखळला आणि सहा आठवडे घरी बसावं लागलं. त्या वेळी आई रोज कामावरून येताना काकांच्या दुकानासमोरून जायची आणि आत बघायची नाही. काका पडद्याआड जाऊन उभे राहायचे.

त्या सहा आठवड्यांत एक वेगळीच गोष्ट घडली. हात गळ्यात बांधलेली घुबड मैदानाच्या कडेला बसून मोजायला लागली. यंत्र तिच्या हातात आल्यावर तिने काकांची एक चूक दाखवली. नुसतं किती वेळा बघितलं हे मोजून उपयोग नाही, ती म्हणाली, केव्हा बघितलं ते धरायला हवं. चेंडू एका पायातून दुसऱ्या पायात जात असतो तेव्हा बघितलं तर बघितल्याचा फायदा. चेंडू कुणाच्या पायात थांबलेला असताना बघितलं तर वाया. काकांनी ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

दोन वर्षांनी आमच्या मुली मोठ्या शहरांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेल्या आणि तिथे चार गोलांनी हरल्या. हरवणारा संघ अकादमीचाच होता, आणि चारातले दोन गोल टांगीचे. सामना संपल्यावर प्रशिक्षक बाई आमच्या बाकाजवळ आल्या. चार गोल खाल्लेल्या संघातल्या मधल्या मुलीने त्यांच्या मुलींना पहिला अर्धा तास मधल्या रेषेपलीकडे येऊ दिलं नव्हतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या काकांशेजारी बसल्या आणि तुम्ही हिला शिकवलंत काय, असं विचारलं. काका म्हणाले, मी फक्त मोजलं, बाकीचं तिलाच विचारा. मग बाईंनी तिला विचारलं. दोघी तासभर बोलत होत्या, आणि आमची बस तेवढा वेळ थांबली.

ती साडेसोळाव्या वर्षी अकादमीत गेली, मधल्या फळीत खेळायच्या अटीवर. सोडायला आई गेली होती. जाताना आई काकांच्या दुकानात आली, चष्म्याच्या काचा पुसून घेतल्या, आणि येते दादा, एवढंच म्हणाली. काकांना तेवढं पुरलं.

आज टांगी अकादमीच्या पहिल्या संघात आहे. घुबड दुसऱ्या संघात, कधी अकरांत असते, कधी नसते. चौदाव्या वर्षीच गेली असती तर आज पहिल्यात असती, असं तिची आई अजून म्हणते. कदाचित असतीही. काकांना मी एकदा स्पष्टच विचारलं, की तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले, दोन्ही करून बघायला दोन घुबडं लागली असती. घुबड हल्ली खेळाबरोबर डोळ्यांच्या तपासणीचं शिक्षण घेते आणि सुट्टीत आली की क्लबच्या सगळ्या मुलांना एकेक डोळा झाकून वाचायला लावते. मागच्या वर्षी त्यात तीन मुलांना नंबर निघाला.

परवा मी दुकानात गेलो तर काका आरशासमोर उभे राहून स्वतःच्याच तोंडावर कागदाचे बोळे उडवत होते. गोलरक्षक चेंडू अंगावर येताना नेमके कुठल्या क्षणी डोळे मिटतात, हे त्यांना शोधायचंय. सगळे मिटतात, म्हणे, चांगलेसुद्धा. मला त्यांनी खुर्चीत बसवलं, चष्मा काढून ठेवायला सांगितला आणि स्वतःच्या तोंडावर उडवायला एक बोळा माझ्या हातात दिला; डोळे ते बघणार होते.